स्पॅममध्ये पडलेली सुकेळी

माल तयार होता आणि ऑर्डरी येत नव्हत्या. आगाशीच्या वाडीत माझी थोरली जाऊ राजेळी केळी सोलून उन्हात वाळवते आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधते. तीच आमची सुकेळी. विक्री मी विरारच्या फ्लॅटमधून बघते. एरवी माल झाला, की जुन्या गिऱ्हाइकांना ई-मेल जाते आणि ऑर्डरी सुरू होतात. यंदा शुकशुकाट. वहिनींनी, म्हणजे या जाऊबाईंनी, बजावून ठेवलं होतं, "या खेपेला माल पडून राहिला तर व्यापाऱ्याला देईन, आणि पुढच्या वर्षीपासून केळी कच्चीच विकेन. माझी कंबर काही सरकारी नाही."

माझा पाय घरात ठरेना. भाजी फोडणीला टाकायची, फोन बघायचा. कपडे वाळत घालायचे, फोन बघायचा. शेवटी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंना फोन लावला.

"मेल? मला वाटलं यंदा तुम्ही सुकेळी केलीच नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यांना स्पॅमचा कप्पा उघडायला लावला. लॉटरी लागल्याची पत्रं आणि कर्ज देऊ करणारे यांच्या मधोमध आमची सुकेळी पडली होती.

गडबड तांत्रिक असणार, असं मी धरून चालले. सबंध सकाळ डोमेनच्या सेटिंगमध्ये गेली. मेल खरोखर आपल्याकडूनच निघाली हे पटवणाऱ्या काही नोंदी तिथे कराव्या लागतात. त्या आम्ही कधी केल्याच नव्हत्या. केल्या. मजकुरातलं "त्वरा करा", लाल अक्षरं, उद्गारचिन्हांची रांग, सगळं काढलं. माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून पाहिली. पुन्हा स्पॅम.

घरात बसवेना. रिक्षा पकडून आगाशी गाठली. वहिनी मांडवावर केळी उलटत होत्या आणि शेजारच्या काकी त्यांना हातभार लावत होत्या. मी येरझारा घालत सगळं सांगितलं.

"ती पत्रं होय?" काकी म्हणाल्या. "मला येतात की. मी बटण दाबते, स्पॅमचं. सुनेने दाखवलंय."

"अहो, पण का?"

"आमच्या वाडीत केळी, तुमच्या वाडीत केळी. मी सुकेळी विकत घेऊ?"

"मग पत्ता कशाला दिलात?"

"हळदीकुंकू लावलंत, वाण हातात दिलंत आणि वर पत्ता विचारलात. तोंडावर नाही म्हणतात का, गं?"

मी जागीच थांबले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी आणि मी आलेल्या प्रत्येकीचा ई-मेलचा पत्ता घेतला होता. गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब. प्रत्येकीने भिडेखातर दिला. काहींनी नवऱ्याच्या सोडलेल्या नोकरीतला दिला, तिथून मेल परत आल्या. बाकीच्यांनी काकींसारखं गुपचूप बटण दाबलं. इतक्या जणींनी नको म्हटल्यावर मेलवाल्यांनी आम्हाला सरसकट उपद्रवी ठरवलं. पुण्याच्या बाईंची मेल अडली ती त्यामुळे.

"हळदीकुंकवाचे सगळे पत्ते काढते," मी म्हटलं.

"सगळे?" वहिनी दचकल्या. "बायकांना तोंड कसं दाखवू?"

"तोंड दाखवा. मेल नको."

"मला आधी काढ," काकी म्हणाल्या.

ज्यांनी कधीतरी खरंच माल घेतला होता तेवढेच पत्ते ठेवले. मेलच्या वर पहिली ओळ घातली: नको असेल तर इथे दाबा, राग मानणार नाही. वहिनींना ती पाहुण्याला दारातून वाटेला लावल्यासारखी वाटली. मी ठेवली. मेलही एकदम न सोडता थोड्याथोड्यांना पाठवली. आधी अशांना, जे हटकून उत्तर देतात. काहींना फोन करून मेल स्पॅममधून बाहेर काढायला सांगितली. गेलेली पत एका दिवसात परत येत नाही, मेलवाल्यांकडेही नाही. काही जण त्या ओळीवर दाबून निघून गेले. त्यांत माझी सख्खी नणंदही होती. पण ऑर्डरी यायला लागल्या. एक आली, मग दिवसभर काही नाही, मग दोन.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा राहिला. वहिनींनी ऑर्डरींचा माल बाजूला काढायला लावला, त्यावर आणखी थोडा ठेवून घेतला आणि उरलेला त्याला दिला. टेम्पो बराचसा रिकामाच गेला.

"आणि पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"आधी हा संपव," त्या म्हणाल्या आणि पुढच्या सुकेळीसाठी पिकायला ठेवलेल्या घडांवर गोणपाट सारखं करू लागल्या. घड त्याच सकाळी उतरवलेले होते.