भाऊबीजेला कोण येतं?

बँकेतून निवृत्त झाल्यावर सीवूड्सचे श्यामसुंदर एका वकिलासाठी वारस शोधायचं काम करू लागले. वंशावळीच्या कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "त्यात मेलेले पणजे असतात, जित्या बहिणी नसतात," असं ते चिडून म्हणत. म्हणून 'वारस किती?' हे विचारून झालं की ते चहा पिता पिता सहज विचारत, "भाऊबीजेला कोण येतं हो तुमच्याकडे?"

करावे गावातल्या कमळाकरचा बिनलग्नाचा चुलता जमीन मागे ठेवून वारला होता. "आमी दोन भाव, तिसरं कोन नाय," कमळाकरने ठणकावून सांगितलं. मग चहा आला आणि चहाबरोबर तो प्रश्नही आला.

"येते ना आमची गोजरा, तलोज्यावरशी," कमळाकर बोलून गेला आणि जीभ चावून बसला.

दुसऱ्याच दिवशी श्यामसुंदरांनी तळोज्यात गोजराचं घर गाठलं. तिचा हक्क तिला समजावून सांगितला, नाव लिहून घेतलं. शेवटी त्यांना राहवलं नाही. "भावाने तुझं नाव लपवलं, तरी ओवाळायला जाशील?"

"भाव हाय तो माजा," ती म्हणाली. "तुमच्याकडं कोन येते, काका?"

श्यामसुंदरांनी पेनाला टोपण लावलं. आईच्या माघारी गावच्या घरासाठी धाकट्या बहिणीची, सुनीतीची, हक्कसोडपत्रावर सही त्यांनीच घेतली होती. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या घरी भाऊबीजेचा पाट कुणी मांडला नव्हता.