नावाचं एकतिसावं अक्षर

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर आमचं चौघांचं ऑफिस होतं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी मी सी भाषेत प्रोग्राम लिहिला होता. आजऱ्याच्या छोट्या इस्पितळातून फोनच्या तारेवरून, मोडेमनं लॅबच्या कॉम्प्युटरशी जोडून घ्यायचं, रिपोर्ट उतरवायचे आणि कार्डावर छापायचे, एवढंच त्याचं काम.

शेजारी बसणाऱ्या ताईंनी तो वाचला होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, बोलायला तिखट. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, लॅबकडून आलेलं नाव तू इथं उतरवतेस, त्याची लांबी कुठं बघितलीस? मी म्हटलं, पलीकडचा प्रोग्रामही आपलाच आहे, तीस अक्षरांपुढं नाव जाणारच नाही.

"आज आपला हाय," त्या म्हणाल्या.

मी ते नंतर करू म्हणून ठेवलं आणि विसरले.

सहा-सात महिन्यांनी आजऱ्याहून तिथल्या सिस्टरांचा फोन आला. "बाई, रक्तगट ए छापलाय, पण पुढं अधिक-उणं कायच न्हाय. आणि पेशंट म्हणतीया, माझा ओ हाय."

त्यांनी रक्त चढवायचं थांबवून नमुना पुन्हा तपासायला घेतला होता. मी त्या पेशंटचं इंग्रजीतलं पूर्ण नाव विचारून अक्षरं बोटांवर मोजली. एकतीस. लॅबनं मधे तिकडचा प्रोग्राम दुसऱ्याकडून बदलून घेतला होता, आम्हाला कळवलं नव्हतं. माझ्या प्रोग्राममध्ये नावाला तीस घरं, लगेच पुढं एक रक्तगटाचं (एबीलाही खुणेचं एकच अक्षर), मग एक अधिक-उण्याचं. रक्तगट आधी भरायचा, नाव नंतर. जागा संपली तरी सी थांबत नाही. शेवटी येणाऱ्या नवऱ्याच्या नावाचं शेवटचं ए रक्तगटाच्या घरात बसलं, आणि शब्द संपल्याची जी खूण सी मागून जोडते ती अधिक-उण्याच्या घरात. नाव मात्र कार्डावर पूर्ण, बिनचूक.

ताई खुर्ची ओढून बसल्या. मागचं काही काढलं नाही. मोठं नाव तीस अक्षरांवर कापून घेऊ का, मी विचारलं.

"कापलेलं नाव दुसऱ्या कुणाचं तरी व्हईल. तो रिपोर्ट घेऊच नको. थांबव आणि स्क्रीनवर तसं सांग."

लॅबकडून येणारी प्रत्येक गोष्ट जिथं जिथं उतरवली जात होती, तिथं आम्ही आधी लांबी बघायची ओळ घातली. मग मी जुने रिपोर्ट काढून नावं मोजत बसले. असं आणखी एक सापडलं, नेसरीजवळच्या एका बाईचं. लॅबच्या नोंदीत ती ओ निगेटिव्ह होती.

मी एसटीनं तिच्याकडं गेले. निघताना आमचे सर म्हणाले होते, छपाईची चूक झाली एवढंच सांग. तिला सातवा महिना होता. तिनं कार्ड आणून दाखवलं. ए, आणि पुढं निळ्या पेनानं काढलेलं अधिकचं चिन्ह. प्रिंटरनं सोडलं असेल असं समजून कुणीतरी भरलं होतं. निगेटिव्ह बाईला बाळंतपणात एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला धोका असतो, हे मला सिस्टरांनी सांगितलं होतं. या कार्डावर ते तिला कुणी दिलं नसतं.

छपाईची चूक झाली, असं म्हणून मी नवं कार्ड दिलं आणि डॉक्टरांना हेच दाखवा, असं दोनदा बजावलं.

"हुतंय की असं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तिचं बाळंतपण नीट झालं, इंजेक्शनही मिळालं. सिस्टरांनीच कळवलं. मी ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तिला खरं काय ते सांगितलंस का?

"नाही," मी म्हटलं.

त्या पुन्हा स्क्रीनकडं वळल्या.