कुंपणाखालून गेलेली पिवळी

माणसाचं चारित्र्य त्याच्या बागेवरून ओळखावं, असं वडिलांचे साहेब दर झेंडावंदनाला सांगत. त्यांची स्वतःची बाग कंपनीचा माळी करायचा.

अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला, कारखान्याच्या अधिकाऱ्यांची कॉलनी होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्हाला तिथे साहेबांच्या शेजारचं क्वार्टर मिळालं. मध्ये मेंदीचं कुंपण. पलीकडे साहेबांची हिरवळ, इतकी गुळगुळीत की तिच्यावर चप्पल घालून पाय ठेवायची कोणाची छाती होत नसे. अलीकडे आमचा उतार: मुरूम, विटांचे तुकडे आणि बांधकामवाल्यांनी विसरलेली एक सळई.

वडिलांना बागेची हौस नव्हती. पण त्या वर्षी त्यांची बढती साहेबांच्या सहीवर अडली होती, आणि साहेब चारित्र्य बागेत शोधत होते. तेव्हा कमी पाण्यात, कमी श्रमात काहीतरी हिरवं दिसणं भाग होतं.

ते आईला उल्हासनगरात सापडलं. ती ज्या सिंधी बाईंकडे ब्लाउजपीस घ्यायची, त्यांच्या दुकानाच्या पायरीवरच्या तेलाच्या डब्यातून एक वेल उतरून गटारापर्यंत पोचली होती. जाड पानं आणि झेंडूची नातवंडं शोभतील अशी पिवळी फुलं.

"भाभी, ये मरेगा नहीं," बाई फांद्या तोडून पिशवीत कोंबत म्हणाल्या. "मर गया तो वापस ले के आना."

"मेल्यावर परत कशाला न्यायचं?" असं आईने विचारलं, पण घरी आल्यावर. दुकानात तिला ते सुचलं नाही.

वेल मेली नाही. आषाढात आईने फांद्या मुरुमात खोचल्या आणि दिवाळीपर्यंत उतार झाकला गेला. जिथे पेर जमिनीला टेकेल तिथे मूळ. खत नाही, पाणी आठवलं तर. छाटून उकिरड्यावर टाकलेले तुकडेसुद्धा तिथेच संसार थाटत. वेडेलिया हे नाव आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा आम्ही तिला नुसती पिवळी म्हणायचो. वडील आता संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसू लागले, साहेबांना दिसेल अशा बेताने.

मग एके सकाळी साहेबांच्या माळ्याने कुंपणावरून हाक मारली. माळी मोरिवलीचाच.

"वयनी, तुमची पिवली आमच्याकरं आलीय."

"कुठे?"

"साहेबांचे लॉनवर. ही येल नाय, जमिनीची खरूज हाय. खाजवली का पसरते."

वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहेबांनी पाहिलं का?"

"अजून नाही," आई म्हणाली. "पण माळी सांगतो, चष्मा बदलायला टाकलाय त्यांनी."

त्यानंतर दर शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, साहेब कुटुंबासह बाहेर पडले की वडील मेंदीच्या फटीतून पलीकडे जायचे आणि गुडघ्यांवर रांगत हिरवळीतून पिवळी उपटायचे. आई कुंपणाशी पहाऱ्यावर.

"अहो, डावीकडे एक राहिली."

"ओरडू नकोस गं!"

माळी पायरीवर बसून विडी ओढत देखरेख करायचा. "भाऊ, मूळ नका ठेवू पाठी." अधिकाऱ्याकडून काम करून घ्यायची संधी आयुष्यात पुन्हा येईल याची त्याला खात्री नसावी.

फेब्रुवारीत हेड ऑफिसचे डायरेक्टर यायचे ठरले. त्या तयारीपायी साहेब ओळीने तीन शुक्रवार घरीच राहिले, आणि वेलीने त्या तीन आठवड्यांचं सोनं केलं. चहापानाला आम्ही सगळे हिरवळीवर जमलो तेव्हा कडेने हातभर रुंद पिवळा पट्टा फुललेला होता. वडील कपबशी घेऊन त्याच्यापुढे आडवे उभे राहिले. डायरेक्टर नेमके तिथेच थांबले.

"वा! हे काय लावलंय?"

साहेबांनी तो पट्टा बहुधा त्या क्षणी प्रथमच पाहिला. पण ते उगाच साहेब झाले नव्हते. "फॉरेनची जात आहे, सर. मुद्दाम मागवली."

"उल्हासनगरहून," आई माझ्या कानाशी पुटपुटली. फॉरेनचं लेबल नसलेली वस्तू उल्हासनगरात मिळणं तेव्हा कठीणच होतं, त्यामुळे साहेब अगदीच खोटं बोलत नव्हते.

डायरेक्टरांनी भाषणात त्या पट्ट्याचा दोनदा उल्लेख केला. साहेबांनी माळ्याला पट्टा दुप्पट करायला सांगितलं. ते काम माळ्याने काहीही न करता पूर्ण केलं.

एक मेच्या झेंडावंदनाला साहेबांनी वडिलांना पुढे बोलावलं आणि होतकरू बागप्रेमी म्हणून टाळ्यांच्या गजरात एक कुंडी दिली. कुंडीत पिवळी होती.

"रोज पाणी घाला," साहेब म्हणाले. "फार नाजूक असते."

"प्रयत्न करतो, सर," वडील म्हणाले. माळ्याला मागे बराच वेळ ठसका लागला होता.

बढतीचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. त्याच्या आदल्या दिवशी स्टोअरचा माणूस येऊन कुंडी परत घेऊन गेला. ती कंपनीची होती.