माडाची बातमी

माडसरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणं रंगात आलं की मधेच थांबायचं आणि आम्हा सगळ्या पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. वाडीच्या पार टोकाला, विहिरीच्याही पलीकडे, एक उंच माड होता. त्याच्या शेंड्यावर काय चाललंय ते बघायचं आणि परत येऊन सरांना सांगायचं. "बातमी आणा," एवढंच ते म्हणत. बातमी आणल्याशिवाय पुन्हा खुर्चीत बसायला मिळत नसे. कोणी सांगे झावळी सुकून लोंबतेय, कोणी सांगे खार चढलीय. सर एकेक बातमी इतक्या गंभीर चेहऱ्याने ऐकत, की जणू रेडिओवर निवडणुकीचे निकाल लागताहेत. सर्वांत चांगली बातमी आणणाऱ्याला एक सुकेळं मिळे. वाळवलेल्या केळ्याच्या त्या चिकट, मधासारख्या तुकड्यासाठी आम्ही मान मोडेपर्यंत वर बघत असू.

त्यांचं नाव इनास. पण आमच्या नंदाखाल गावात 'इनाससर कुठे राहतात' असं विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं, आणि माडसर म्हटलं की शेंबडं पोरही घरापर्यंत नेऊन सोडायचं. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही सातारा सोडून त्यांच्या वाडीजवळच्या नव्या इमारतीत राहायला आलो होतो. कॉम्प्युटर शिकला नाही तो बुडाला, अशी तेव्हा हवा होती. जवळच्या माणिकपूरला काचेच्या दारांचे, एसीवाले क्लास निघाले होते. माडसरांनी घराची पडवी बंदिस्त करून तीत जुने, बोजड कॉम्प्युटर मांडले होते. आमचा एसी म्हणजे उघडं दार आणि केळीच्या पानांवरून येणारा वारा.

सर आधी आखातात होते. तिथल्या एका कचेरीत काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले, संध्याकाळी समोरचा माणूस धूसर दिसायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, अधूनमधून उठून लांब बघत जा. "गेलो खिडकीशी," सर सांगायचे. "बाहेर नुसती वाळू. वाळूकडे किती बघणार? लांब बघायला काहीतरी पाहिजे ना, बाय! म्हणून परत आलो." लोक आखातातून सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, सर तेवढं एक वाक्य घेऊन आले, असं गावातली माणसं हसून म्हणत. सरही त्यात हसत.

मी आठवीत होते आणि कॉम्प्युटरने मला पार झपाटलं होतं. क्लासात सर उठवत, पण घरी कोण उठवणार? मामाने त्याचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आणून ठेवला होता. शाळेतून आलं की दप्तर फेकून मी त्याच्यासमोर. थोड्याच दिवसांत डोळ्यांना धारा लागल्या, कपाळ ठणकू लागलं, फळ्यावर एका अक्षराची दोन दिसू लागली. आईने डोळे तपासून आणले. नंबर नव्हता, डोळे थकलेत, त्यांना विश्रांती द्या, असं डॉक्टर म्हणाले. माझी आई पक्की सातारकर. तिने विश्रांतीचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावला. कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि क्लास बंद करायचं सांगायला मला घेऊन थेट सरांच्या पडवीत उभी राहिली.

"डोळे गेल्यावर काय त्या डबड्याची पूजा करायचीय का?" तिने सुरुवातच अशी केली.

मला रडू फुटलं. मला तेवढी एकच गोष्ट मनापासून येत होती आणि तीच हातातून जात होती. सरांनी आईला आधी बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "ताई, डोळा बैलासारखा असतो. दिवसभर जुंपलात तर बसणारच. पण म्हणून कोणी शेती सोडतं का? नाताळाआधी माणिकपूरला शाळा-क्लासांची स्पर्धा आहे. तोवर पोर माझ्या हवाली करा. त्या दिवशी तिचं डोकं दुखलं, तर मीच तिला क्लासातून काढीन. शब्द देतो."

आई विचारात पडली. शब्द दिला म्हणणाऱ्या माणसापुढे तिचं कधी चालत नसे. "एकदाच," ती म्हणाली.

मग सरांनी मला ताब्यात घेतलं. घरच्या चादरीला हात लावायचा नाही, ही पहिली अट. क्लासात त्यांनी माझं टेबल फिरवलं, म्हणजे दाराचा उजेड पडद्यावर आपटणार नाही. पडदा हातभर मागे सरकवला. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यांच्याखाली केळ्यांची रिकामी पेटी दिली. मी पडद्यात डोकं घालून बसले की मागून आवाज यायचा, "पापणी लवव. कॉम्प्युटर पळून जात नाही." आणि माड तर होताच. मला इतरांपेक्षा जास्त वेळा पिटाळत. सुरुवातीला मी चडफडत जाई. पण हळूहळू त्या शेंड्याची ओढ लागली. नवी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कधी उमलतो, कावळ्यांचं कोणाशी भांडण चाललंय, हे मला क्लासभर सर्वांत आधी कळू लागलं. कपाळाचा ठणका कधी गेला ते मात्र कळलं नाही.

बातमीत लबाडी चालत नसे. माझ्याबरोबरचा विल्सन एकदा दारातूनच परत फिरला आणि म्हणाला, "सर, कावळा बसलाय." सर म्हणाले, "आत्ताच हिने शेंड्यावर खार सांगितली. कावळ्याने ती खाल्ली काय?" सगळी पडवी हसली. विल्सन पुढे इतकी अचूक बातमी आणू लागला की कावळ्याची चोच कुठे होती तेही सांगे.

स्पर्धेत क्लासातर्फे मी आणि विल्सन, दोघंच उतरलो. माणिकपूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर थंडगार हॉल, खिडक्यांना जाड पडदे, मागच्या खुर्च्यांवर पालक. आई पर्स मांडीवर घेऊन माझ्या कपाळाकडे टक लावून बसली होती. सर वर आलेच नाहीत. एसीत डोळे चुरचुरतात म्हणून खाली रस्त्यावर थांबले. प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर होता आणि त्यावरच्या लांबलचक प्रोग्रॅममधल्या मुद्दाम पेरलेल्या चुका शोधायच्या होत्या. पोरं पडद्याला नाक लावून तुटून पडली.

थोड्या वेळाने सवयीने माझा हात थांबला. मी उठले, खिडकीचा पडदा जरा बाजूला केला आणि लांब बघितलं. माड नव्हता, पण चर्चचा मनोरा होता. जागेवर परतताना विल्सनला हळूच म्हटलं, "क्रुसावर कावळा बसलाय." पुढे तो उठला, खिडकीशी जाऊन आला आणि मला म्हणाला, "कावळा उडाला."

टाय लावलेले परीक्षक ताडकन उठले. "ही काय खूण आहे? कावळा म्हणजे कितवी ओळ?"

विल्सन म्हणाला, "सर, कावळा म्हणजे... पक्षी." त्यावर परीक्षक जास्तच भडकले. दोघांनाही बाहेर काढतो म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर ती चादर आली.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. "अहो, कावळा म्हणजे कावळा!" माझी आई उभी होती. "काळा असतो, काव काव करतो. आमच्या साताऱ्यालाही असतो. पोरं डोळ्यांना विसावा देतायत. त्यांच्या सरांनी लावलेली शिस्त आहे ती." आणि तिने खिडकीशी जाऊन तो जाड पडदा खस्सकन टोकापर्यंत ओढला.

परीक्षकांनी वाकून पाहिलं. "कुठाय कावळा?"

"उडाला म्हणून सांगितलं ना पोराने!"

हॉलभर हशा पिकला. परीक्षकही हसले आणि खाली बसले. पडदा तसाच उघडा राहिला.

शेवटच्या टप्प्यात आजूबाजूची पोरं डोळे चोळत होती, रुमालाने पुसत होती. एक चूक कोणालाच सापडत नव्हती. मी एकदा मनोऱ्याकडे बघून आले, पापण्या लववल्या आणि वरून एकेक ओळ वाचत आले. तळाच्या एका ओळीत टिंबाच्या जागी इवलासा स्वल्पविराम बसला होता. मी हात वर केला तेव्हा माझं काळीज धडधडत होतं, कपाळ मात्र शांत होतं. माझा पहिला नंबर आला, विल्सनचा तिसरा.

जिने उतरून आम्ही धावतच सरांपुढे गेलो. माझ्या हातातल्या ढालीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "डोकं?" त्यांनी विचारलं.

"नाही दुखत, सर."

तेव्हा कुठे त्यांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की नाक्यावरचे रिक्षावाले रिक्षातून डोकावले. आई मागून सावकाश उतरली. सरांसमोर येऊन उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली, "सर, क्रुसावर कावळा बसला होता. उडाला." सरांनी खिशातून सुकेळं काढून तिच्या हातावर ठेवलं. घरी पोचल्यावर तिने कॉम्प्युटरवरची चादर काढली, झटकली आणि घडी करून कपाटात ठेवली.

मी इंजिनिअर झाले, मुंबईत नोकरीला लागले. रविवारी सरांकडे जायचे. पुढे पुढे ते मी येताच विचारू लागले, "काय बातमी माडाची?" मी कौतुकाने सांगायचे. मग एका रविवारी पाहिलं, मी समोर बसले होते आणि ते मला भलतीकडे बघून शोधत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आम्हा पोरांच्या डोळ्यांची राखण करणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मात्र घाबरून बसला होता. मला राग आला. मी म्हटलं, "सर, लांब बघायला माड हवा म्हणून परत आलात ना? मग माड तिथेच आहे. तुम्हीच बघत नाही." त्यांनी मान दाराकडे वळवली. मग म्हणाले, "एकदाच." अगदी माझ्या आईसारखं.

ऑपरेशन होऊन पट्टी निघाल्यानंतर एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला.

"बाय, मी अंगणातून बोलतोय. माडाला नवी पोय फुटलीय. खार आहे. एक झावळी सुकलीय. आणि शेंडा केवढा वाकलाय! तुम्ही सगळे पत्रकार खोटारडे, एकानेही मला सांगितलं नाही!"

मला हसू आवरेना, रडू आवरेना. "सर, सगळं दिसतंय?"

"सगळं! माझं राहू दे. तू सकाळपासून त्या पडद्यापुढे बसली असशील. तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?"

मी खुर्ची मागे सारली, फोन कानाशी धरला आणि बातमी आणायला गेले.