दुसरीच्या नावाचा बिल्ला

एक्स-रेच्या तपासणीवाल्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि डॉक्टर म्हणाले, "काढ तो बिल्ला." बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. घाईत माझ्या हातून क्लिप सुटेना. डॉक्टरांनी स्वतः हात घातला आणि ओढला. युनिफॉर्मचा खिसा फाटला.

बिल्ल्यावर नाव माझं नव्हतं. नोकरी सोडून गेलेल्या टेक्निशियन बाईचं होतं. कुणी विचारलं तर ती बाई तूच, असं सकाळी मला पढवलं होतं. मी हो म्हणाले. महागावकडच्या तांड्यातली मी, बारावी झालेली. यवतमाळात दवाखान्यात लागले म्हणून याडीनं, माझ्या आईनं, तांडाभर गूळ वाटला होता. हो म्हणायचीच सवय लागली होती.

माझं काम धरायचं. एक्स-रे काढताना लेकरं हलतात, म्हातारे कलंडतात. त्यांना धरून मी मशीनसमोर उभी राहायची. टेक्निशियन दादा भिंतीमागून बटण दाबायचे. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन एकच, तो खुंटीला. रोज वापरला तर भेगा पडतात, असा डॉक्टरांचा हुकूम. अशी चार वर्षं गेली.

त्या दिवशी मी दादांना विचारलं, हा बिल्ला करतो तरी काय? त्यांनी मान खाली घालून सांगितलं. अंगावर किती किरणं पडली ते मोजतो, दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवतात. आमच्याकडचे बिल्ले तर कायम ऑफिसातल्या टेबलाच्या खणात. खणात कुठली किरणं? रिपोर्ट दर वेळी स्वच्छ. हत्तीचे दाखवायचे दात. ती बाई केव्हाच सासरी अकोल्याला गेली, आणि तिच्या अंगाची नोंद चोख. माझी कुठेच नाही.

मी डॉक्टरांकडे जाऊन माझ्या नावाचा बिल्ला मागितला.

"बिल्ला टेक्निशियनले असते," ते म्हणाले. "तू तर नुसती धरणारी. अन् तुमी तांड्यातले लोकं, उन्हातान्हात वाढलेले. तुले काय होते?"

संडासात जाऊन रडले. मग रडण्याचाच राग आला. माझी कातडी काय वेगळी शिवली आहे?

आठवड्यानं कळंबचं एक पोरगं आलं, हात मोडलेलं, किंचाळणारं. त्याची आई पोटुशी, म्हणून तिला दाराबाहेर थांबवलं. डॉक्टर मला म्हणाले, धर. मी जागची हलले नाही.

"बिल्ल्याबिगर धरत नाई, सर. काई होत नसन, तर तुमीच धरा."

डॉक्टर लाल झाले. पण बाहेर पेशंट ऐकत होते. त्यांनी खुंटीचा एप्रन काढून अंगात घातला, दोन्ही नाड्या ओढून बांधल्या, गाठी चाचपून पाहिल्या. मग पोराला धरलं. मी बघत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं. चारही वर्षं माहीत होतं.

संध्याकाळी मला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

तपासणीच्या मुंबईच्या कार्यालयाला मी अर्ज टाकला आहे. चार वर्षांत माझ्या अंगात काय गेलं, ते आता कुणीच मोजू शकत नाही. ते गेलं. पण ते सगळे स्वच्छ रिपोर्ट खोटे आहेत, हे चौकशीला माणसं आली की मी डॉक्टरांच्या तोंडावर सांगणार. तपासणीच्या दिवशी खोटं नाव सांगायला मी उभी राहिले होते, हेही सांगणार. तेच आधी सांगणार.