आतल्या लूपची कल्पना
तापलेल्या कॉम्प्युटरचा वास आला की मला पडेगाव रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजची लॅब आठवते. प्रोजेक्टच्या परीक्षेला दोन तास उरले होते, पंखा गरम वारा फेकत होता आणि आम्ही बनवलेल्या कंपायलरनं मशीनच्या भाषेत उतरवलेला प्रोग्राम लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचा भाग, आला की रखडायचा. प्रोसेसरमधल्या हाताशी असलेल्या जागा, म्हणजे रजिस्टर, मोजक्याच. त्यामुळं प्रत्येक फेरीत तो मेमरीकडं हेलपाटे घालायचा. रजिस्टरमध्ये कुठले आकडे ठेवायचे, हे मला सुटत नव्हतं. प्रोजेक्टमधली माझी जोडीदार कन्नडहून रोज एसटीनं येणारी, मेंढपाळाच्या घरातली. ती म्हणाली, "तू सगळ्यांना सारखंच मोजतोय व्हय? आतल्या लूपमध्ये जे लई लागतं, त्याला जास्त वजन दे ना." तसं केलं आणि प्रोग्राम झरझर पळाला. तपासायला आलेल्या सरांनी खूश होऊन विचारलं, "ही कल्पना कोणाची?" "माझी," मी बोलून गेलो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आपली वही मिटली. सर कागदावर लिहीत होते, खरं सांगायला वेळ होता, पण मी प्रोग्रामच पुन्हा चालवून दाखवत राहिलो. आज मी कंपायलरवरच काम करतो. तिचा नंबर फोनमध्ये आहे. लावायला घेतो आणि रिंग वाजायच्या आत कापतो.