टाकीशी पटणारा काटा

घराघरांतलं वायरिंग वायरमनला तोंडपाठ, पण गाडीतलं? तरी बायकोच्या गाडीतला पेट्रोलचा काटा मोडला तेव्हा गडी बाजारातून नवा काटा घेऊन आला आणि बसवून मोकळा. दोन वायरी तर जोडायच्यात, त्यात काय एवढं, म्हणाला.

बायको नर्स. वडिलांच्या त्या जुन्या गाडीतून घरोघरी पेशंटकडे जायची. टाकी भरलेली दिसली म्हणून निवांत निघाली, आणि भर रस्त्यात गाडी आचके देऊन बंद. टाकीत थेंब नाही. तिकडे एक म्हातारे इंजेक्शनसाठी ताटकळले. घरी येऊन तिनं पर्स खुंटीला अडकवली.

"गाडी विकून टाकते. भरवसाच नाही तर दारात कशाला ठेवायची?"

"अगं, काटा उलटा चालतोय एवढंच. भरलेली म्हणाला की रिकामी समजायची."

"मग पेशंटलाही तसंच सांगू? येते म्हणाले की येत नाही समजा?"

वडील गेले तेव्हा तिनं दुसरं काही न मागता ही गाडीच मागून घेतली होती, ते काय त्याला माहीत नव्हतं?

सकाळी त्यानं टाकीतला फ्लोट काढला. फ्लोट म्हणजे दांडीच्या टोकाला छोटी डबी. पेट्रोलवर तरंगते, वरखाली होते, तशी काट्याला खबर जाते. उन्हात खडखडीत वाळवला, काट्याला जोडला. डबी उचलली की काटा खाली, सोडली की वर. ह्या काट्याशी जुळणारा फ्लोट एवढ्या जुन्या गाडीला आता कुठे मिळायचा? म्हणजे काटाच बदलायला हवा.

फ्लोट पिशवीत घालून दुकानात गेला. एकेक काटा जोडायचा, डबी हलवायची, नाक मुरडायचं. दुकानदार वैतागला.

"काका, काटा घेताय की जावई शोधताय?"

"जावई कसाही चालेल. ह्यानं खोटं बोललेलं चालणार नाही."

शेवटी एकाचं फ्लोटशी पटलं. घरी बसवला. रिकाम्या टाकीला काटा तळाशी. तो कॅननं मोजून पेट्रोल ओतत होता, ती आत बसून काटा सांगत होती. टाकी अर्धी झाली, तर काटा अर्ध्याच्या जरा वर. गप्प बसला असता तर तिला कळलंही नसतं.

"मधे थोड्या बढाया मारतो हा," त्यानं कबूल केलं.

तिनं नेलपॉलिश आणून काट्याच्या टोकासमोर काचेवर ठिपका दिला. खरी अर्धी टाकी इथे. "बढाया मारणारा एक सांभाळतेच आहे मी. हाही खपेल."

विकायची भाषा परत निघाली नाही. पहिल्या दिवशी मात्र तिनं भरलेला कॅन डिकीत ठेवायला काढला. वायरमननंच तो उचलून ठेवला.